नव्वद मिनिटांची मुभा

मे १९६४. पश्चिम जर्मनीच्या कार्ल्सरूह शहरातल्या संघीय न्यायालयात एक चमत्कारिक दावा निकालाला आला होता. संगीतकार आणि गीतकारांच्या हक्कांची वसुली करणाऱ्या ‘गेमा’ या संस्थेचं म्हणणं असं की, टेपरेकॉर्डर विकत घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं ओळखपत्र दुकानात तपासलं जावं आणि त्याचं नाव-पत्ता गेमाला कळवला जावा. कारण उघड होतं. गिऱ्हाईक यंत्र घरी नेणार, रेडिओवरची नाहीतर मित्राच्या तबकडीवरची गाणी त्यावर उतरवून घेणार आणि ती रचणाऱ्याच्या हाती छदामही पडणार नाही. न्यायमूर्तींनी मागणी फेटाळली. नुसती नावं हाती येऊन उपयोग काय? कोण काय टेप करतो ते बघायचं तर माणसाच्या घरात शिरावं लागेल. आणि घराचा उंबरठा ओलांडायला जर्मन राज्यघटनेची मनाई आहे. नाझी राजवट जाऊन तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. घरात डोकावणाऱ्या यंत्रणेचा अर्थ काय होतो, हे त्या देशात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

कॉलेजच्या दिवसांत हातानं भरलेली कॅसेट आठवली की मैत्रीण आठवते, हॉस्टेलची खोली आठवते, कुठल्याशा पावसाळ्यातलं एखादं गाणं आठवतं. कायद्याची कलमं कुणाला आठवत नाहीत, ते बरंच आहे. पण ती कॅसेट शक्य कशी झाली याचा माग काढू लागलं, तर तो पुन्हा पुन्हा जर्मनीतच जातो. फीत तिथली, स्वच्छ आवाजाचा रेडिओ तिथला, कॅसेट पहिल्यांदा लोकांपुढे आली ती बर्लिनमध्ये, घरच्या घरी गाणी उतरवण्यावर कायदेशीर तोडगा काढणारा पहिला देशही तोच. आणि गाणी टेप करता यावीत म्हणून सरकारी रेडिओनं खास कार्यक्रम चालवला, तोही त्याच देशाच्या दुसऱ्या, भिंतीपलीकडच्या अर्ध्या भागात.

फितीपासून सुरुवात करू. ड्रेस्डेनमध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर नावाचे एक हरहुन्नरी अभियंता राहत. उंची सिगारेटींच्या टोकाला सोनेरी पट्टा असे. तो कागदावर स्वस्तात आणि टिकाऊ कसा चढवायचा, याची युक्ती त्यांनी शोधली होती. कागदावर धातूची पूड बसते तर लोखंडाची का नाही बसणार, असा पुढचा विचार. १९२८ साली त्यांनी लोहचूर्ण लावलेल्या कागदी फितीचं पेटंट मागितलं. त्याआधी चुंबकीय ध्वनिमुद्रण पोलादी तारेवर किंवा पट्टीवर व्हायचं. ते जड, महाग, आणि तुटलं तर जोडणं मुश्कील. कागदी फीत तुटली की डिंकानं चिकटवता येई. कात्रीनं कापा, हवं तसं जोडा: आवाजाशी असा खेळ माणसाला प्रथमच करता येऊ लागला. फ्लॉयमरांचं पेटंट पुढे १९३६ मध्ये कोर्टात टिकलं नाही, कारण मूळ कल्पना डॅनिश संशोधक पोल्सनच्या जुन्या पेटंटात येते असं ठरलं. पण तोवर बर्लिनच्या एईजी कंपनीनं यंत्र आणि लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफनं फीत बनवायला घेतली होती. १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ झळकला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सर थॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद घेऊन लुडविग्सहाफेनला आले, तेव्हा तिथल्या सभागृहातला त्यांचा कार्यक्रम या फितीवर उतरवला गेला. आवाज काही फार चांगला नव्हता. तो सुधारला १९४० मध्ये, जर्मन नभोवाणीतल्या वाल्टर वेबर यांना उच्च वारंवारितेच्या प्रवाहाची क्लृप्ती सापडल्यावर. खरखर एकाएकी ओसरली.

युद्धात हे गुपित जर्मनीबाहेर पडलं नाही. १९४५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधले जॅक मलिन बाड नाउहाइमच्या रेडिओ केंद्रात पोचले. तिथं वाजत असलेलं संगीत प्रत्यक्ष वाद्यवृंदाचं नसून फितीवरचं आहे, यावर त्यांच्या कानांचा विश्वास बसेना. त्यांनी दोन यंत्रं सुटी करून पार्सलांनी घरी धाडली. पुढे अमेरिकेत गायक बिंग क्रॉस्बीचे रेडिओ कार्यक्रम टेपवर होऊ लागले आणि अ‍ॅम्पेक्स कंपनीची यंत्रं जगभर गेली, त्याचं मूळ ती पार्सलं.

जर्मनीचं पेटंट गेलं, यंत्रं गेली, आणि त्यापाठोपाठ रेडिओच्या लहरीही गेल्या. १९४८ च्या कोपनहेगन परिषदेत युरोपातल्या मध्यम लहरींची वाटणी झाली, तेव्हा हरलेल्या देशाच्या पदरात थोड्या आणि दुय्यम दर्जाच्या लहरी टाकल्या गेल्या. नाइलाजानं जर्मन नभोवाणीनं तेव्हा फारशा वापरात नसलेल्या एफएमकडे मोर्चा वळवला. १९४९ च्या फेब्रुवारीत म्युनिकला पहिलं केंद्र सुरू झालं. मला या साऱ्या कथेतली ही सर्वांत गमतीची गोष्ट वाटते. जेत्यांनी शिक्षा म्हणून जे हिसकावलं, त्याच्या बदल्यात हरलेल्यांच्या घरी युरोपातला सर्वांत स्वच्छ आवाजाचा रेडिओ आला. आपल्याकडे एफएम १९७७ साली मद्रासमध्ये सुरू झालं, आणि घराघरांत पोचायला नव्वदचं दशक उजाडलं. त्याआधी विविधभारतीवरून गाणं टेप करून पाहिलेल्या कुणालाही ट्यूबलाइट लावली की येणारी खरखर आठवत असेल. जर्मन विद्यार्थ्याला ती माहीत नव्हती.

आणि मग १९६३ चा ऑगस्ट. बर्लिनचं रेडिओ प्रदर्शन. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं जर्मनीत स्टिरिओ प्रसारण सुरू झालं, आणि त्याच प्रदर्शनात फिलिप्सच्या स्टॉलवर एक लहानसं यंत्र मांडलेलं होतं. ते घडवलं होतं बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात डच अभियंता लाऊ ओटेन्स यांच्या चमूनं. ओटेन्स यांनी आधी लाकडाचा ठोकळा घेतला, कोटाच्या खिशात मावतो का बघितला, आणि यंत्र या मापाचं व्हायला हवं असं सांगितलं. आतली फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. जाणकारांनी नाकं मुरडली. हे पत्रकारांनी मुलाखती घ्यायला ठीक, संगीताला काय कामाचं?

एकाच प्रदर्शनात गाणं देणारं आणि गाणं घेणारं अशी दोन्ही टोकं शेजारी-शेजारी उभी होती. त्यांची गाठ पडायला आणखी काही वर्षं जायची होती.

मधे एक लढाई झाली, आणि तिचा फायदा तुम्हा-आम्हाला झाला. फ्युर्थचे रेडिओ उत्पादक माक्स ग्रुंडिग यांनी टेलिफुंकन आणि ब्लाउपुंक्टला हाताशी धरून १९६५ साली ‘डीसी-इंटरनॅशनल’ नावाची स्वतःची कॅसेट बाजारात आणली. दिसायला सारखीच, मापानं थोडी वेगळी, म्हणजे एकीच्या यंत्रात दुसरी बसणार नाही. जपानी कंपन्या कुणाच्या बाजूला जातात यावर सगळं ठरणार होतं. सोनीनं फिलिप्सला सांगितलं की स्वामित्वशुल्क मागाल तर आम्ही ग्रुंडिगकडे जातो. फिलिप्सनं शुल्क सोडून दिलं. दोनच वर्षांत ग्रुंडिगची कॅसेट बंद पडली आणि फिलिप्सची कॅसेट कुणीही बनवावी अशी झाली. टीडीके, मॅक्सेल, पुढे आपल्याकडची टी-सिरीज यांच्या स्वस्त कोऱ्या कॅसेटींमागे ग्रुंडिग साहेबांचा हा पराभव आहे.

आता पुन्हा कायद्याकडे. ग्रुंडिगशी गेमाचं भांडण त्याआधीपासूनच होतं. जर्मनीचा लेखकहक्क कायदा १९०१ चा. खासगी वापरासाठी नक्कल करायला त्यात मोकळीक होती. १९५५ च्या मे महिन्यात, ग्रुंडिगच्या ‘रिपोर्टर’ नावाच्या टेपरेकॉर्डरवरच्या खटल्यात न्यायालयानं निर्णय दिला की १९०१ साली ‘नक्कल’ म्हणताना कायदा करणाऱ्यांच्या मनात हातानं लिहून काढणारा माणूस होता, बटण दाबणारा नव्हे. तेव्हा घरी टेप करायलाही परवानगी लागेल. झालं, अख्खा देश कागदोपत्री गुन्हेगार ठरला. गेमानं खासगी वापराचे परवाने देऊ केले. ते घ्यायला कोण जातो? म्हणून मग ओळखपत्रांची मागणी, आणि तिचा तो १९६४ चा निकाल.

पण न्यायमूर्ती नुसतं ‘नाही’ म्हणून थांबले नव्हते. ज्यानं यंत्र बनवून पैसा कमावला, त्याच्याकडून संगीतकारांनी मोबदला मागावा, अशी वाट त्यांनी दाखवली. ९ सप्टेंबर १९६५ ला नवा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून लागू झाला. घरी टेप करायला मोकळीक. बदल्यात यंत्र बनवणाऱ्यानं किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत रक्कम हक्कधारकांना द्यायची. जगात असा कायदा करणारा जर्मनी पहिला देश. १९८५ च्या दुरुस्तीनं कोऱ्या कॅसेटवरही आकार आला: तासाला १२ फेनिग. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला १८ फेनिग झाले. म्हणजे हायडेलबर्गच्या किंवा ग्योटिंगेनच्या खोलीत बसून कुणी आपल्या मैत्रिणीसाठी गाणी उतरवत होता, तेव्हा त्या गाण्यांचा दस्तुर आधीच चुकता झालेला होता. त्याला त्याची खबरही नसे. ब्रिटिश कंपन्यांनी १९८१ मध्ये घरगुती टेपिंग संगीताचा जीव घेतंय अशी जाहिरातबाजी सुरू केली आणि कॅसेटच्या आकाराची कवटी छापली. त्या आरडाओरड्यापेक्षा १८ फेनिगचा जर्मन तोडगा मला कितीतरी शहाणपणाचा वाटतो. फेनिगांत न्याय पुरता मावत नाही हे खरं. कुणाचं गाणं किती वेळा उतरलं याची मोजदाद नसल्यानं पैसे ठोकताळ्यानंच वाटले जात. पण दारात पोलीस उभा राहिला नाही, हे काय थोडं झालं?

तर त्या खोलीत नेमकं काय चालायचं?

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढची पंधरा-वीस वर्षं पश्चिम जर्मनीतल्या विद्यार्थ्याकडे रेडिओ आणि कॅसेट डेक एकत्र असलेलं यंत्र असे, किंवा घरून आणलेला सुटा डेक. कॅसेट बहुधा नव्वदची. १२० मिनिटांची फीत इतकी पातळ की ती यंत्रात गुंतायची, म्हणून शहाणी मुलं तिच्या वाटेला जात नसत. आत सुमारे १३० मीटर फीत. बीएएसएफ आणि आग्फा या घरच्या कंपन्या. क्रोमियम डायऑक्साइडची फीत महाग, पण आवाजाला उजळ. गाणी यायची तीन वाटांनी: मित्रांच्या तबकड्या, विद्यापीठाच्या गावातली उसनवारी, आणि रेडिओ. दक्षिण-पश्चिम नभोवाणीवर १९७० पासून ‘पॉप शॉप’ लागायचं. कोलोनच्या डब्ल्यूडीआरवर मूळचे अमेरिकेतले माल सोंडॉक आपली डिस्कोथेक चालवायचे. शिवाय देशात तळ ठोकून बसलेल्या फौजांची रेडिओ केंद्रं होतीच. अमेरिकी सैनिकांचं एएफएन, ब्रिटिशांचं बीएफबीएस. त्या ब्रिटिश केंद्रावर निवेदक जॉन पील जे वाजवायचे ते जर्मन नभोवाणीच्या कुठल्याही अधिकाऱ्यानं मंजूर केलं नसतं. लष्कराच्या करमणुकीसाठी सोडलेल्या लहरींवरून आख्खी एक जर्मन पिढी पंक ऐकायला शिकली, आणि टेप करायलाही.

रेडिओवरून टेप करणं म्हणजे निवेदकाशी झुंज. गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यमेळावर तो बोलतोय, आता थांबेल, मग थांबेल. इकडे एक बोट रेकॉर्डवर आणि दुसरं पॉजवर. गाणं संपायच्या आत पुन्हा त्याचा आवाज. काही निवेदक हे मुद्दाम करतात अशी पोरांची पक्की समजूत होती. त्यामुळे त्या काळच्या कॅसेटींत गाण्यांना डोकं नाही तर शेपूट तरी नाहीच.

जमवलेल्या गाण्यांतून दुसऱ्यासाठी कॅसेट भरणं हे मात्र निराळं काम. त्याला संध्याकाळ लागायची, कारण नव्वद मिनिटं उतरवायला नव्वद मिनिटं लागतातच. घाई करायची सोयच नव्हती. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे अकरा-बारा गाणी. पहिलं गाणं असं हवं की ऐकणाऱ्यानं कॅसेट काढून ठेवू नये. दुसरं त्याहून चढं नको, नाहीतर पुढे जायला जागा उरत नाही. मनातलं सांगणारं गाणं कधी पहिल्या बाजूला टाकायचं नाही. ते ‘बी’ साइडला, तिसरं-चौथं, योगायोगानं आल्यासारखं. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ आली तर भरणारा आळशी समजावा. आपल्याकडच्या गवयाला मैफलीत ख्यालानंतर ठुमरी कधी घ्यायची हे जसं कुणी शिकवत नाही, तसंच हेही कुणी शिकवलं नव्हतं. खरा पेच शेवटी. फीत दोन मिनिटं उरलीय आणि हाताशी सगळी गाणी चार मिनिटांची. मग शोधाशोध करून एखादा छोटा तुकडा भरायचा. नाहीतर गाणं अर्ध्यात तुटणार आणि खट्‌ करून बटण वर येणार. सगळं मनासारखं झालं की कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लॅस्टिकचे दात मोडायचे, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. अर्थात त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा पुसता येते, हे प्रेमभंग झालेल्यांना ठाऊक असे.

मग आतलं कार्ड. बारीक अक्षरात गाण्यांची नावं, घासून उमटवायची अक्षरं, ‘ब्राव्हो’ नाहीतर ‘स्पेक्स’ मासिकातून कापलेलं चित्र. पुष्कळांचं जगातलं एकमेव ग्राफिक डिझाइन हेच असावं.

या उद्योगातून काहीजण पुढे सरकले. पश्चिम बर्लिनच्या श्योनेबेर्ग भागात गुड्रुन गुट आणि बेटिना क्योस्टर यांचं ‘आइजनग्राउ’ नावाचं दुकान होतं. तिथं ब्लिक्सा बार्गेल्ड घरी केलेल्या कॅसेटी विकायला ठेवायचा. ‘आइनष्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन’ या त्याच्या बँडच्या सुरुवातीच्या काळातली ही गोष्ट. तबकडी काढायला कंपनी लागते, कॅसेट काढायला दुसरा डेक पुरतो.

आपल्याकडचं चित्र याच वर्षांत वेगळं होतं. पुण्यात, कोल्हापुरात, दादरला रेकॉर्डिंगची दुकानं होती. कोरी कॅसेट द्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार म्हणायचा, “आठ दिवसांनी या.” आपण कॅसेट ‘भरून घ्यायचो’, जर्मन पोरगा ती स्वतः भरायचा. फरक श्रीमंतीचा होताच, पण केवळ तेवढा नाही. दोन डेकचं यंत्र आणि स्वच्छ रेडिओ घरात असला की दुकानदाराची गरज उरत नाही. कायद्याच्या दृष्टीनंही आपला दुकानदार उघड चोरी करत होता, कारण १९५७ च्या आपल्या कायद्यात खासगी वापराला सवलत आहे, धंद्याला नाही. १९८४ मध्ये शिक्षा कडक झाल्या. कोऱ्या कॅसेटवर आकार लावून कलावंतांना वाटण्याचा जर्मन मार्ग मात्र आपण कधी धरला नाही. दुकानदाराची चव, त्याच्याकडचा साठा, मागाहून उरलेल्या जागेत त्यानं स्वतःच्या मनानं टाकलेलं एखादं भावगीत हेही त्या कॅसेटीत येई. त्यामुळे आपली मिक्सटेप दोघांची नव्हे, तिघांची असे.

आता भिंतीपलीकडे जाऊ. तिथली गोष्ट जास्त रंजक आहे.

पूर्व जर्मनीत २ जानेवारी १९५८ ला फर्मान निघालं: सार्वजनिक ठिकाणी आणि नभोवाणीवर वाजणाऱ्या करमणुकीच्या संगीतात साठ टक्के रचना स्वदेशातल्या आणि समाजवादी देशांतल्या हव्यात, पाश्चात्य चाळीसच. कारणात विचारसरणी होती, तसाच परकीय चलनाचा हिशेबही होता. पश्चिमेची गाणी वाजवली की गेमासारख्या संस्थांना चलनात पैसे मोजावे लागत. मराठी वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटवली. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली, आणि १९५७ मध्ये विविधभारती काढून सरकारला माघार घ्यावी लागली. केसकरांना शास्त्रीय संगीताचं प्रेम होतं आणि त्यांच्या हातात तुरुंग नव्हता. पूर्व जर्मनीत होता. १९६५ च्या ऑक्टोबरअखेर लाइपझिगमध्ये बीट संगीताच्या बँडांवर बंदी आली म्हणून तरुण रस्त्यावर जमले, तेव्हा शेकडो पकडले गेले आणि त्यांतल्या अनेकांना लिग्नाइटच्या खाणींत राबायला पाठवलं गेलं.

पण लहरींना भिंत अडवत नाही. पश्चिम बर्लिनमधलं अमेरिकी आधिपत्याखालचं ‘रियास’ केंद्र पूर्वेत सहज लागे. अपवाद ड्रेस्डेनच्या खोऱ्याचा. पश्चिमेचं दूरदर्शन आणि एफएम तिथवर पोचत नसे, त्यामुळे लोक त्या भागाला बेखबरांचं खोरं म्हणत. जिथे फितीचा जन्म झाला त्याच शहरातल्या विद्यार्थ्यांना ती भरायला बर्लिनला शिकणाऱ्या मित्राच्या कॅसेटीची वाट बघावी लागे.

आणि कॅसेट होती कितीला? वोल्फेनच्या ‘ओर्वो’ छापाची साठ मिनिटांची कोरी कॅसेट वीस मार्कांना. तिथल्या सरकारी ‘अमिगा’ कंपनीची छापील एलपी १६ मार्क १० फेनिग. म्हणजे भरलेल्या तबकडीपेक्षा कोरी कॅसेट महाग! १९८१ पासून विद्यार्थ्याला महिन्याला दोनशे मार्कांची मूळ शिष्यवृत्ती मिळे. एका कॅसेटीत तिचा दहावा हिस्सा जाई. पश्चिमेचं चलन असेल तर ‘इंटरशॉप’ दुकानांत परदेशी कॅसेट मिळे. पश्चिमेतले नातेवाईक पार्सलातून पाठवत, पण टपालावर ‘ष्टाझी’ या गुप्त पोलिसांचा डोळा. ष्टाझीनं पार्सलांतून काढून घेतलेल्या कॅसेटींवर स्वतःची ध्वनिमुद्रणं केली. कुणाच्या तरी भाच्यासाठी निघालेली पॉप गाणी पुसून त्यावर टेलिफोनवरचं बोलणं चढलं.

अशा देशात एक कॅसेट पाच-सहा वेळा पुसून पुन्हा भरली जायची. एकाची दुसऱ्यानं, दुसऱ्याची तिसऱ्यानं उतरवायची. प्रत्येक पिढीत खरखर वाढायची. पश्चिमेतल्या कॅसेटीत गाण्यांचा क्रम महत्त्वाचा, पूर्वेत गाणं मिळणंच महत्त्वाचं.

आणि इथे सरकारनं असं काही केलं जे पश्चिमेतल्या एकाही कंपनीनं सहन केलं नसतं. १९६४ च्या युवक मेळाव्यात सुरू झालेल्या ‘डीटी ६४’ या तरुणांच्या कार्यक्रमाचं पुढे १९८६ मध्ये स्वतंत्र केंद्र झालं. त्यावर ‘ड्युएट’ नावाचा कार्यक्रम लागे आणि त्याच्या नावातच पुढे लिहिलेलं होतं: रेकॉर्डरसाठी संगीत. अख्ख्या एलपी, त्यात पश्चिमेच्याही, निवेदकाची मधे मधे बडबड न होता वाजवल्या जात. श्रोत्यानं निवांत बटण दाबावं, एवढ्याचसाठी. दुकानात मिळत नाहीत अशा तबकड्या सरकार हवेतून वाटत होतं. तबकड्या आयात करायला चलन नाही आणि तरुणांनी रियास लावलेलं परवडत नाही, मग घरचाच रेडिओ ऐकू द्या, असा तो हिशेब. शब्दांत न सांगता दिलेली ती शरणागती होती. पश्चिमेतल्या सरकारनं घरगुती टेपिंगवर आकार लावला. पूर्वेतल्या सरकारनं त्याला वेळापत्रक दिलं.

त्याच केंद्रावर १९८६ पासून लुट्झ श्रम यांचा ‘पारॉकटिकुम’ कार्यक्रम सुरू झाला. परवाना नसलेल्या, अमिगाच्या दारात उभंही न राहता येणाऱ्या बँडांनी घरी केलेल्या कॅसेटी पाठवाव्यात आणि श्रम यांनी त्या वाजवाव्यात, असं तिथं होऊ लागलं. या कार्यक्रमात वाजलेल्या बँडांपैकी ‘फीलिंग बी’ हा एक. त्यातले फ्लाके लोरेन्झ आणि पॉल लांडर्स पुढे ‘रामष्टाइन’मधून जगभर गाजले. १९९० च्या सप्टेंबरात, देश एक व्हायला महिनाही उरला नसताना, डीटी ६४ च्या लहरी एकाएकी रियासच्या हवाली केल्या गेल्या. तरुण रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी लहरी परत मिळाल्या. ज्या रियाससाठी एके काळी खिडक्या बंद करून सुई फिरवली जाई, त्याच्याविरुद्ध आपलं स्वतःचं केंद्र वाचवायला निघालेली ती मुलं होती. इतिहासात असे विनोद क्वचितच घडतात.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. सीडी आली, मग ती घरी ‘जाळता’ येऊ लागली. फ्युर्थपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एरलांगेनमध्ये फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांच्या गटानं आवाज आकुंचित करण्याची पद्धत पक्की केली आणि १९९५ च्या जुलैत त्या फायलींना एमपी-थ्री हे नाव मिळालं. नव्वद मिनिटं काही सेकंदांवर आली. बीएएसएफनं फितीचा धंदा १९९७ मध्ये एका कोरियन कंपनीला विकला. २००३ मध्ये त्या धंद्याची वारस ‘एमटेक’ दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी ग्रुंडिगही. लाऊ ओटेन्स २०२१ च्या मार्चमध्ये गेले. त्यांना स्वतःला कॅसेटचं मुळीच हळवेपण नव्हतं. सीडी चांगली, असंच ते सांगत राहिले. त्यांचं चूक नव्हतं. ज्या अडचणींची आपण आज आठवण काढतो त्या दूर करणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम होतं.

त्याच २००३ साली हॅम्बुर्गमध्ये आणखी एक गोष्ट झाली. विद्यापीठातल्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी लोकांच्या घरातल्या हातानं भरलेल्या कॅसेटी आणि त्यांच्यामागच्या हकिगती गोळा केल्या. त्यांचं प्रदर्शन तिथल्या दळणवळण संग्रहालयात भरलं, आणि गेरिट हेरलिन व थॉमस ओव्हरडिक यांनी संपादित केलेलं पुस्तकही निघालं. नांगर, पाळणा, लग्नातली शेला-चोळी यांचा अभ्यास करणाऱ्या विद्याशाखेनं मिक्सटेपही त्याच रांगेत बसवली. कंपन्या बुडत असताना त्यांची वस्तू संग्रहालयात पोचली. टेपिंगवरचा आकार मात्र बुडाला नाही. १९६५ चं ते तत्त्व आजही लागू आहे. जर्मनीत स्मार्टफोन घेणारा माणूस किमतीत काही युरो गाणी आणि चित्रपट बनवणाऱ्यांसाठी मोजतो, आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

आपल्याकडच्या भरून घेतलेल्या कॅसेटींचा असा संग्रह एखाद्या मराठी विद्यापीठानं करायला हवा. दुकानदारांच्या वह्या, याद्यांचे कागद, ‘बी’ साइडला मागाहून टाकलेली गाणी, यांत सत्तर ते नव्वदच्या दशकांतल्या महाराष्ट्रानं खरोखर काय ऐकलं याचा पुरावा आहे. छापील तबकड्यांच्या विक्रीतून तो मिळणार नाही. तोवर वाचकाला एवढंच सांगणं की माळ्यावरच्या डब्यात अशा कॅसेटी असतील तर भंगारात देऊ नका. फीत एकदा पुढेमागे पूर्ण गुंडाळून घ्या, दमट जागेतून हलवा, आणि वाजवायला यंत्र नसलं तरी आतलं हातानं लिहिलेलं कार्ड कॅसेटीबरोबरच ठेवा. कुणी भरली, कुणासाठी आणि कोणत्या साली, हे त्यावर नसेल तर आठवतंय तोवर आजच लिहून ठेवा.